ईपीएम-ए हे जिवाणूंमधलं प्रोटीन लायसिल-टीआरएनए सिंथेटेजसारखं दिसतं (म्हणजे टीआरएनए या अमिनो आम्लं वाहून नेणाऱ्या रेणूला लायसिन हे अमिनो आम्ल जोडणाऱ्या एन्झाइमसारखं), मग टीआरएनएला लायसिन का जोडत नाही?

कारण टीआरएनए ओळखणारा भागच त्याच्याकडे नाही. ई. कोलायचं लायसिल-टीआरएनए सिंथेटेज 505 अमिनो आम्लांचं, ईपीएम-ए (जुनी नावं पॉक्सए, जेनएक्स) 325 चं. अँटिकोडॉन (टीआरएनएवरची ओळखीची तीन अक्षरं) धरणारं टोक गळालंय, एटीपी वापरून अमिनो आम्ल सक्रिय करणारा गाभा तेवढा उरलाय.

ते अमिनो आम्ल जातं ईएफ-पी या, रायबोसोमला (पेशीतल्या प्रोटीन बनवणाऱ्या यंत्राला) मदत करणाऱ्या प्रोटीनच्या 34 व्या स्थानावरच्या लायसिनवर. ईएफ-पीचा आकार टीआरएनएसारखाच आहे, त्यामुळे एन्झाइमच्या दृष्टीने काम फारसं बदललेलं नाही. मला यातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते! मात्र साधं लायसिन त्याला फारसं रुचत नाही. हवं असतं बीटा-लायसिन (लायसिनचंच थोडी वेगळी रचना असलेलं रूप), आणि ते ईपीएम-बी हे दुसरं एन्झाइम बनवून देतं.

हे झालं नाही तर? प्रोटीन बनवताना प्रोलिन हे अमिनो आम्ल सलग तीनदा आलं की रायबोसोम अडकतो. असं झालेल्या साल्मोनेला जिवाणूची रोग घडवण्याची ताकदही घटते.

प्रयोगशाळेत नेहमी होणारी चूक: प्लास्मिडवरून (पेशीत घातलेल्या डीएनएच्या छोट्या वर्तुळावरून) फक्त ईएफ-पी भरमसाट बनवायचं. पेशीतलं ईपीएम-ए आणि बी पुरं पडत नाही, बरंचसं ईएफ-पी कोरंच राहतं आणि प्रोलिनची चाचणी फसते. तिन्ही जनुकं एकत्र चालवा, मग मास स्पेक्ट्रोमीटरवर वजन बघा: बीटा-लायसिन जोडलं गेलं असेल तर 128 डाल्टन (रेणूंचं वजन मोजायचं एकक) वाढ, पुढे हायड्रॉक्सिल गट लागला असेल तर 144. तो 16 चा फरक दिसला नाही तरी काळजी नको, कामाला त्याची गरज नसते.