आधी गाठ की आधी जीवाणू?

परळ, मुंबई

प्रिय मुली,

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा बाहेर पाऊस इतका लागला होता की तुझं अर्धं बोलणं मला ऐकूच आलं नाही. एक वाक्य मात्र स्वच्छ ऐकू आलं. "मॅडम, पेशंटच्या नमुन्यांत फ्युसोबॅक्टेरियम कितीतरी जास्त आहे!" मी अभिनंदन केलं आणि फोन ठेवला. ते अभिनंदन मनापासूनचं होतं. पण आतड्याच्या कॅन्सरच्या पेशंटच्या आणि निरोगी माणसांच्या शौचातल्या जीवाणूंवरचा पेपर लिहायला तू याच आठवड्यात बसणार आहेस, म्हणून राहिलेलं बोलणं पत्रात लिहिते आहे. घाईत सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं की मॅडमना माझ्या कामावर विश्वासच नाही.

विश्वास आहे. या जीवाणूवर संशय घ्यायला जागाही भरपूर आहे. मूळचा तो तोंडातला, दातांवरच्या थरात आणि हिरड्यांच्या कडेला राहणारा. २०१२ साली दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी दाखवून दिलं की तो मोठ्या आतड्याच्या गाठींत सापडतो, तेव्हा आम्ही सगळे चक्रावलो होतो. पुढच्याच वर्षी त्याचं फॅडए हे प्रथिन आतड्याच्या पेशींना कसं चिकटतं ते कळलं. २०१७ मध्ये तर यकृतात पसरलेल्या गाठींतही तोच जिवंत सापडला, आणि ज्या उंदरांत अशा गाठी रुजवल्या होत्या त्यांना मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक दिल्यावर गाठींची वाढ मंदावली. मेट्रोनिडाझोल हे नाव लक्षात ठेव, खाली पुन्हा येणार आहे.

तरीही एक प्रश्न उरतोच, आणि तुझ्या आलेखाकडे कितीही वेळ बघितलंस तरी त्याचं उत्तर तिथे मिळणार नाही. आधी गाठ आली की आधी जीवाणू? साध्या पॉलिपचा, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेल्या कोंबाचा, कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा दहाएक वर्षं जातात. तू नमुना घेतेस तो सगळ्यात शेवटी. तोवर गाठीतून रक्त झिरपत असतं, आतड्याच्या अस्तरावरचा चिकट थर विस्कटलेला असतो, गाठीच्या आत प्राणवायू जेमतेम पोचत असतो. प्राणवायू नको असलेल्या जीवाणूला याहून सोयीची जागा कुठली? गाठ वाढली आणि तो येऊन बसला, असंही घडू शकतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, तर फांदी कावळ्यानेच मोडली असं आपण म्हणत नाही.

२०२४ मध्ये बेल्जियमच्या एका गटाने ५८९ जणांचे नमुने तपासले तो पेपर तू वाचलास का? नसशील तर आधी तो वाच. शौच आतड्यातून किती वेगाने पुढे सरकतं, आतड्याला सूज किती आहे, माणसाचं वजन किती आहे, या गोष्टी त्यांनी हिशेबात धरल्या. तसं केल्यावर फ्युसोबॅक्टेरियमचा कॅन्सरच्या निदानाशी दिसणारा संबंध टिकला नाही. त्यामुळे जुनं सगळं काम खोटं ठरत नाही, कारण गाठीच्या आत काय चाललंय आणि शौचाच्या नमुन्यात काय दिसतंय या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. तुझे नमुने मात्र शौचाचेच आहेत.

आता एक गोष्ट सांगते, जी मी तुम्हा मुलांना वर्गात कधी सांगितली नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी, तेव्हा मी ज्या प्रयोगशाळेत होते तिथे, आम्ही असाच अभ्यास केला होता. एका बाजूला आतड्याच्या कॅन्सरचे पेशंट, दुसऱ्या बाजूला निरोगी माणसं. निकाल असा स्वच्छ आला की डोळ्यांवर विश्वास बसेना. आतड्याच्या पेशींचं मुख्य इंधन म्हणजे ब्युटिरेट. ते तयार करणारे जीवाणू पेशंटच्या नमुन्यांतून जवळजवळ गायब होते. परिषदेसाठी पोस्टर छापून तयार झालं. तेवढ्यात लक्षात आलं की एका आजींच्या संमतीपत्रावर अंगठाच नाही. त्या दादरला संत गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत उतरल्या होत्या. संध्याकाळी मी तिथे गेले.

आजी सोलापूरकडच्या. चटईवर बसून सुनेसोबत पोळी-भाजी खात होत्या. अंगठा झाल्यावर मी सहज विचारलं, गावाकडे काय काय औषधं झाली? त्यांनी कापडी पिशवी ओढून घेतली, हॉस्पिटलची फाइल बाजूला ठेवली आणि तळाशी असलेली प्लॅस्टिकची पिशवी माझ्यासमोर रिकामी केली. गोळ्यांची रिकामी, अर्धी, चुरगळलेली पाकिटं. त्यात इसबगोल होतं, मूळव्याधीचं चूर्ण होतं, आणि मेट्रोनिडाझोलची पाकिटं तर मी मोजतच राहिले. आठ महिने शौचातून रक्त जात होतं आणि आठ महिने त्यांच्यावर मूळव्याधीचे उपचार चालले होते.

आमच्या फॉर्मवर रकाना होता, 'गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलं का?' आजींच्या फॉर्मवर 'नाही' वर खूण होती. मी विचारलं, आजी, हे कसं? त्या म्हणाल्या, "अँटिबायोटिक कुठलं घेतलंय बाई? जुलाबाच्या गोळ्या घेतल्या."

मला तिथून उठवेना. मेट्रोनिडाझोल प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जीवाणूंनाच मारतं, आणि ब्युटिरेट बनवणारे बहुतेक सगळे त्यातलेच. आम्ही ज्याला कॅन्सरची खूण समजत होतो, ती कदाचित त्या पाकिटांची खूण होती. पुढचे तीन आठवडे जे पेशंट भेटू शकले त्यांच्याकडे जाऊन फक्त म्हटलं, "घरातली सगळी पाकिटं दाखवा." एकामागून एक 'नाही' चं 'हो' होत गेलं. निरोगी गटात गोळ्या घेतलेलं जवळजवळ कोणीच नव्हतं, कारण ती सगळी आमच्याच ओळखीतली, ऑफिसातली माणसं होती. पोस्टर आम्ही मागे घेतलं. त्या अभ्यासाचा पेपर कधीच झाला नाही.

म्हणून तुला सांगते, फॉर्मवरचा तो रकाना आजच काढून टाक. 'अँटिबायोटिक' हा शब्दच विचारू नकोस. जुलाबाची गोळी, तापाची गोळी, मूळव्याधीची गोळी, मेडिकलवाल्याने दिलेली गोळी असं विचार आणि पाकीट बघायला माग. नमुना कोलोनोस्कोपीच्या आधी घेतला की नंतर, तेही लिही. पोट साफ करण्याचं ते लिटरभर औषध प्यायल्यावर आतड्यातलं सगळं चित्रच बदलतं. निरोगी गटासाठी तुझ्या हॉस्टेलमधल्या मैत्रिणी घेऊ नकोस. पेशंटसोबत आलेली बायको, नवरा, मोठा भाऊ घे. एका चुलीवरचं जेवणारी, एका नळाचं पाणी पिणारी आणि वयाने जवळची माणसं तुला दुसरीकडे कुठे मिळणार?

प्रत्येक बॅचसोबत एक कोरी नळीही चालव, जिच्यात काहीच घातलेलं नाही अशी. नमुन्यातून डीएनए काढायच्या किटमध्येच जीवाणूंचा डीएनए असतो. गाठीच्या तुकड्यांवर काम सुरू करशील तेव्हा याचा त्रास जास्त होईल, कारण तिथे जीवाणू मुळातच थोडे. एका नामांकित नियतकालिकात २०२० मध्ये छापलेला, वेगवेगळ्या कॅन्सरांमधल्या जीवाणूंच्या खुणा सांगणारा एक गाजलेला पेपर २०२४ मध्ये मागे घ्यावा लागला. माणसाच्याच डीएनएचे तुकडे त्यात जीवाणूंचे म्हणून मोजले गेले होते. ते लोक आपल्यापेक्षा कमी हुशार नव्हते.

हे सगळं वाचून तू खट्टू होऊ नयेस म्हणून पुढचं लिहिते, आणि खरं तर हेच मला सगळ्यात जास्त सांगायचंय. 'आधी कोण?' या प्रश्नाला हात घालायची एक वाट आता सापडली आहे. ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूचे काही प्रकार कोलिबॅक्टिन नावाचं विष बनवतात. २००६ पासून ते माहीत होतं. २०२० मध्ये डच शास्त्रज्ञांनी माणसाच्या आतड्याच्या पेशींचे इवलेसे गोळे वाढवून त्यांच्यात हे जीवाणू महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा सोडले. तेव्हा डीएनएवर एक ठरावीक प्रकारचा ओरखडा उमटतो असं दिसलं, आणि तोच ओरखडा खऱ्या पेशंटच्या गाठींतही सापडला. जीवाणू आज आतड्यात नसेल, वीस वर्षांपूर्वी येऊन गेला असेल, पण ओरखडा पेशीसोबत पुढे जात राहतो. २०२५ मध्ये ११ देशांतल्या ९८१ गाठी तपासल्या, तेव्हा चाळिशीच्या आत निदान झालेल्यांत ही खूण सत्तरीनंतर निदान झालेल्यांपेक्षा ३.३ पट जास्त आढळली. याचा अर्थ घाव बहुधा लहानपणीच बसतो. त्या ११ देशांत भारत नाही.

आपल्याकडे तिशी-पस्तिशीतले पेशंट काही कमी दिसत नाहीत. ओपीडीच्या रांगेत तू त्यांना पाहिलं आहेस. आपली आतडी निराळी, धान्य आणि डाळी खाणाऱ्यांची, प्रिव्होटेला नावाचे जीवाणू भरपूर असलेली. या मुलांच्या गाठींत तो ओरखडा आहे का? परदेशातल्या आकड्यांवरून ते कळणार नाही. तेव्हा शौचाच्या नमुन्यासोबत गाठीचा आणि शेजारच्या निरोगी भागाचा तुकडाही उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवायला लाग. आज त्यावर खर्च करायला पैसे नाहीत हे मला माहीत आहे. ठेव तरी. याच शहरात १९६३ साली देशातली पहिली लोकसंख्येवर आधारलेली कॅन्सर नोंदणी सुरू झाली. हॉस्पिटलांमधून फिरून वय, पत्ता, अवयव लिहून घेणाऱ्यांना त्या नोंदींचं पुढे काय होईल ते कुठे दिसत होतं? आज मुंबईत कुठला कॅन्सर वाढतोय हे आपण छातीठोकपणे सांगतो ते त्यांच्या जिवावर.

धर्मशाळेतून निघताना आजींनी मला विचारलं होतं, "माझ्या त्या डबीतून काय कळलं तुम्हाला?" मी म्हणाले, अजून काम चालू आहे. तुलाही हे कोणीतरी विचारणार आहे. तेव्हा इकडेतिकडे बघू नकोस. आत्तापर्यंत जेवढं कळलं असेल तेवढं त्यांच्या भाषेत सांग. आणि 'शौचातून रक्त जातंय, मूळव्याधच असेल' असं कोणी म्हणालं तर हातातलं काम बाजूला ठेवून त्यांना तपासणीला पाठव. तेवढं तर आपल्याला नक्की माहीत आहे.

पेपर दोन महिने लांबला तरी चालेल. तुझ्या गाइडशी मी बोलेन. रविवारी दुपारी घरी ये, सगळे फॉर्म घेऊन ये. नवा रकाना दोघी मिळून लिहू आणि चारच्या सुमारास दादरला जाऊ. त्या वेळी लोक जेवून थोडे निवांत बसलेले असतात, बोलतात.

तुझी,
मॅडम