पालक-शिक्षक संघाच्या आनंदमेळ्यात मदत करणाऱ्या शाळेच्या कर्मचाऱ्यांचे आभार कसे मानावेत? पाच हजारांचं बजेट आहे, शाल-श्रीफळ द्यावं की भेटवस्तू?

शाल नको. बाकीचं पुढे सांगते.

मी साताऱ्यातल्या एका अनुदानित शाळेत 29 वर्षं लिपिक होते. मेळ्याच्या रात्री कुपनं मोजायला मी, आणि 'इतर कर्मचारीवर्ग' म्हणून स्टेजच्या कडेला हात जोडून उभी राहायलाही मीच. घरी आठ शाली आहेत. एकही अंगावर घेण्यासारखी नाही. एक इस्त्रीच्या टेबलावर अंथरली आहे, ती मात्र कामाला आली.

2006 सालची गोष्ट. संगणक खोलीसाठी पैसे जमवायचे होते. आमच्या दोन मावशी आणि शिपाईमामा सकाळी सहापासून राबत होते. दुसऱ्या मजल्यावरची बाकं जिन्याने खाली आणायची, पिंपं भरायची, पाणीपुरीच्या स्टॉलवर सांडलेलं चिंचेचं पाणी दर अर्ध्या तासाने पुसायचं. दुपारी कुणीतरी एकाच बोर्डाला मिक्सर आणि शेगडी लावली, फ्यूज उडाला. मामांनी तार बदलली. हाताला चांगला चटका बसला, त्यावर त्यांनी स्टॉलवरचं दही लावलं आणि त्या दह्याचं कुपनही स्वतःच्या पैशाने फाडलं!

आठ वाजता मावशी आल्या, "बाई, निघू का?" दोघींची गावं मेढ्याच्या बाजूला. शेवटची एसटी पावणेनऊला. मी म्हटलं, निघा. तेवढ्यात संघाचे उपाध्यक्ष धावत आले. "छे छे, त्यांना सोडू नका, सत्कार आहे, त्यांना सांगायचं नाही!" मी गाडीची वेळ सांगितली. "पाच मिनिटं हो."

आधी लकी ड्रॉ झाला. मग देणगीदार. मग प्रमुख पाहुण्यांना त्यांची स्वतःची शाळा आठवली. नऊ वाजून वीस मिनिटांनी दोघींना स्टेजवर बोलावून हातात नारळ दिला. टाळ्या पडल्या, फोटो निघाला. त्या फोटोत धाकट्या मावशी नारळाकडे बघत नाहीयेत, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघताहेत.

रात्री दोघी आमच्या दोन खोल्यांत झोपल्या. सासूबाईंनी पिठलं टाकलं, कारण मेळ्यात हजारोंची खाऊविक्री झाली तरी या दोघींच्या पोटात दुपारचा एक वडापाव होता. थोरल्या मावशींची म्हैस घरी दूध काढायची राहिली होती. गावातल्या दुकानाला फोन लावला, कुणी उचलला नाही. रात्रभर त्या म्हशीबद्दलच बोलत होत्या. शेवटी नारळ मलाच देऊन गेल्या, चटणीला.

सोमवारी मी उपाध्यक्षांना हे ऐकवलं. ते म्हणाले, "अहो बाई, आम्ही मान दिला. आणि तसाही त्यांना पगार मिळतोच की." पगार शाळेच्या कामाचा मिळतो, तुमच्या लकी ड्रॉला थांबायचा नाही, हे उत्तर मला दोन दिवसांनी मेथी निवडताना सुचलं. तेव्हा राहिलं, आज इथे देते.

आता तर ते वाक्य आणखीच खोटं झालंय. डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयानंतर अनुदानित शाळांत जुना शिपाई निवृत्त झाला की त्या जागी कायम माणूस येत नाही, शिपाई भत्ता येतो. त्या भत्त्यावर आलेल्या माणसाला रविवारी बाकं उचलायला लावून पगाराच्या गोष्टी सांगायच्या? शिक्षकांचंही तेच. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 जनगणना, निवडणूक आणि आपत्तीचं काम सोडून अशैक्षणिक कामाला त्यांना जुंपू नका म्हणतं. भेळेच्या स्टॉलवर उभ्या असलेल्या बाई तुमच्यावर उपकार करत असतात.

तर तुमचे पाच हजार. रोख पाकिटं द्या, पण मुख्याध्यापकांच्या संमतीने आणि व्हाउचरवर सही घेऊन. नफा जाहीर करण्याआधी हा खर्च हिशोबात दाखवा. 'उरलं तर बघू' म्हणालात की उरत नाही. घरी जायच्या रिक्षाचे पैसे वेगळे. जेवणाचं ताट संध्याकाळी सातलाच, स्टॉल आवरल्यावर उरलेलं नाही. आणि आभारपत्रात पूर्ण नाव घाला, मामा-मावशी नको. त्याची प्रत मुख्याध्यापकांकडे द्या, माणसाच्या फाइलला लागते. कार्यकारी समितीतले पालक सोडतीने येतात, दर खेपेला नवी माणसं. कुणी काय केलं हे पुढच्यांना ठाऊकच नसतं, तेव्हा एका वहीत लिहून ठेवा.

हे खरं की सगळ्यांना स्टेज नकोच असतं असं नाही. आमच्या मामांनी नंतरच्या एका वर्षी मिळालेलं प्रशस्तिपत्र फ्रेम करून देवघराशेजारी लावलंय. म्हणजे आधी विचारा. शिक्षकांना काय द्यायचं ते शिक्षकांनाच विचारा, मला त्यातलं फार कळत नाही. आमच्याकडे त्यांना कंदी पेढ्यांचा पुडा मिळायचा आणि कुणी तक्रार केलेली ऐकली नाही.

आणि सोमवारी पहिल्या तासाआधी बाकं परत वर न्यायला चार-पाच पालक पाठवा. उपाध्यक्ष त्या सोमवारी आले होते, पण फोटोंचे पैसे द्यायला.