नेपल्सला क्रूझ थांबते तेव्हा आपलं आपण काप्री किंवा प्रोचिदा: आधी परतीची बोट, मग बेट

प्रश्न थोडक्यात असा आहे: जहाज नेपल्सला सकाळी ७ वाजता लागतं आणि संध्याकाळी ६:३० ला सुटतं. चौघं जण, त्यात सासूबाईंचे गुडघे दुखतात. जहाजावर विकली जाणारी काप्रीची सहल चौघांची मिळून फार महाग पडते. आपलं आपण फेरीनं जाऊन यावं का, आणि त्यात जोखीम किती?

जावं. क्रूझचा धक्का आणि बेटांच्या बोटींचा धक्का इतके शेजारी शेजारी असलेली बंदरं फार नाहीत. फक्त बेट ठरवण्याआधी परतीची बोट ठरवा. गडबड होते ती जातानाच्या बोटीमुळे नाही, येतानाच्या बोटीमुळे.

हिशेब मागून पुढे करायचा. जहाज ६:३० ला सुटणार म्हणजे सगळ्यांनी जहाजावर असण्याची वेळ साधारण ६, कधी ५:३०. नेमकी वेळ आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेवर असते, तीच खरी. त्यातून एक तास वजा करा, म्हणजे ५ ला आपण जहाजाच्या शिडीपाशी. काप्रीहून नेपल्सला हायड्रोफॉइल, म्हणजे वेगवान प्रवासी बोट, साधारण ५० मिनिटं घेते, त्यात रांग आणि उशीर धरून दीड तास. म्हणजे ३:३० च्या सुमाराला काप्रीहून सुटणारी बोट ही आपल्याला चालेल अशी शेवटची. आता महत्त्वाचं: ही बोट घ्यायची नाही. तिच्या आधीची घ्यायची, आणि ही राखीव ठेवायची. आधीची चुकली, भरली किंवा रद्द झाली तरी हातात एक शिल्लक राहते. वेळापत्रक बघताना दोन बोटींमध्ये दोन-अडीच तासांचं भगदाड दिसलं, तर राखीव बोट नाहीच असं समजा आणि भगदाडाच्या अलीकडची बोट धरा.

जायच्या बाजूला लोक उलटी घाई करतात. जहाज ७ ला लागतं म्हणजे माणसं ७ ला उतरत नाहीत. स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी होते, मग शिडी उघडते, आणि बहुतेक वेळा जहाजाच्या स्वतःच्या सहलींचे गट आधी सोडतात. ७:३५ च्या बोटीचं तिकीट आगाऊ काढलं आणि ती डोळ्यांदेखत सुटली, तर पैसे गेले. सुटलेल्या बोटीच्या तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. जहाज लागण्याच्या वेळेनंतर दीड तास सोडून पुढची बोट घ्या, म्हणजे ८:३० ते ९ च्या दरम्यानची. दहाच्या आत काप्रीत, तीनच्या आत काप्रीतून बाहेर. हातात पाच तास, भरपूर झाले.

आता धक्क्यांचा घोळ. क्रूझ जहाजं स्तात्सिओने मारीत्तिमा या टर्मिनलला लागतात. बाहेर येऊन शहराकडे तोंड करून उभं राहिलात की डावीकडे, मोठ्या किल्ल्याच्या खालच्या बाजूला, मोलो बेवेरेल्लो. पाच-दहा मिनिटांची चाल. इथून वेगवान बोटी सुटतात. उजवीकडे, साधारण पंधरा मिनिटांवर, कलाता पोर्ता दी मास्सा. तिथून गाड्या चढवणाऱ्या मोठ्या, संथ फेऱ्या सुटतात. मुंबईकरांना कळेल असं सांगायचं तर बेवेरेल्लो म्हणजे गेटवेवरून मांडव्याला जाणारी कॅटमरान आणि पोर्ता दी मास्सा म्हणजे भाऊच्या धक्क्यावरची रो-रो. बेट तेच, पण धक्का वेगळा, बोट वेगळी, आणि वारा सुटल्यावर दोघींचं वागणंही वेगळं.

हा शेवटचा मुद्दा पैशांपेक्षा मोठा आहे. इटालियनमध्ये हायड्रोफॉइलला ‘अलिस्काफो’ आणि मोठ्या फेरीला ‘त्रागेत्तो’ म्हणतात, फलकांवर हेच शब्द दिसतील. अलिस्काफो हलकी असते आणि लाटांची ठरावीक उंची ओलांडली की ती सोडत नाहीत. त्रागेत्तो काप्रीला ८० ते ९० मिनिटं घेते, पण हायड्रोफॉइल बंद पडल्यावरही बराच काळ चालू राहते. मात्र अशा दिवशी हायड्रोफॉइलची सगळी गर्दी तिच्यावरच लोटते. म्हणून दुपारी काप्रीत वारा वाढताना दिसला, मरीना ग्रांदे बंदरात बोटी जोरात हेलकावे खाऊ लागल्या, की जेवण अर्धं टाकून धक्क्यावर या. हे बंदर बेटाच्या उत्तर बाजूला आहे, त्यामुळे उत्तरेचा किंवा वायव्येचा वारा सुटला की थेट त्यालाच झोडपतो. तिकीट तीनचं असलं तरी खिडकीवर विचारून आधीच्या बोटीत किंवा त्रागेत्तोत जागा मिळते का पाहा. फरकाचे पैसे पडले तर द्या.

सगळंच बंद पडायला लागलं तर आणखी एक वाट आहे. काप्री ते मुख्य भूमीवरचं सोर्रेंतो गाव हे अंतर बरंच कमी आहे, बोट अर्ध्या तासात पोचते. तिथून धक्क्यावरून वर चढून चिर्कुमवेसुवियाना रेल्वेचं स्टेशन गाठायचं, सव्वा तासाच्या आसपास नेपल्सचं गारिबाल्दी स्टेशन, आणि मेट्रो लाइन १ ने म्युनिचिपिओ स्टेशन, म्हणजे क्रूझ टर्मिनलच्या समोर. सगळं धरून अडीच-तीन तास. हा मार्ग दुपारी दीडला सुचला तर उपयोगाचा, चारला सुचला तर नाही. त्या रेल्वेत खिसेकापूंचा सुळसुळाट असतो, तेव्हा पाकीट पुढे.

तिकिटाचं. काप्रीला वेगवान बोटीचं एका बाजूचं तिकीट साधारण २० ते २८ युरोंच्या पट्ट्यात असतं, संथ फेरी त्याहून स्वस्त. बेटावर उतरण्याचा कर असतो, तो बहुधा तिकिटातच धरलेला असतो. जाता-येताचं एकत्र घेतलं म्हणून सवलत मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, पण मे ते सप्टेंबरमध्ये परतीचं तिकीट आधी काढलेलंच बरं, दुपारच्या बोटी भरतात. तिकीट ठरावीक कंपनीच्या ठरावीक वेळेच्या बोटीचंच असतं. स्नावचं तिकीट कारेमारच्या बोटीत चालत नाही. हे लक्षात न आल्यानं माणसं चुकीच्या रांगेत वीस मिनिटं उभी राहतात. ऑनलाइन काढलं असेल तर ईमेल नीट वाचा: काहींचा क्यूआर कोड थेट चालतो, काहींचं व्हाउचर खिडकीवर देऊन तिकीट घ्यावं लागतं. आणि प्रत्येक कंपनी आपल्या साइटवर फक्त आपल्या बोटी दाखवते, तेव्हा दोन-तीन साइट बघून एकच कागद बनवा. येणाऱ्या बोटींचा कागद जाणाऱ्यांपेक्षा नीट लिहा.

वेळापत्रकात एक सापळा आहे. ‘नेपल्स’ म्हणून शोधलं की मेर्जेल्लिना आणि पोत्सुओली इथल्या बोटीही समोर येतात. मेर्जेल्लिना शहरातच पण दुसऱ्या टोकाला आहे, पोत्सुओली तर वेगळंच गाव. प्रोचिदाहून परत येताना पोत्सुओलीच्या फेरीत बसलात तर क्रूझपर्यंत पोचायला लोकलनं आणखी तासभर धरा. तिकिटावर ‘बेवेरेल्लो’ किंवा ‘पोर्ता दी मास्सा’ लिहिलेलं पाहूनच पैसे द्या.

आता बेट. पाच तासांत काप्री छान होते, पण निळ्या गुहेचा नाद सोडा. गुहेचं तोंड पाण्यापासून जेमतेम मीटरभर उंच आहे, होडीत आडवं झोपून आत जावं लागतं. थोडी लाट असली तरी बंद. उघडी असली तर बाहेर समुद्रात डुलत रांग, कधी तासाच्या वर, आणि आत पाचेक मिनिटं. मरीना ग्रांदेहून बोटीचे पैसे वेगळे, गुहेचे वेगळे, नावाड्याची बक्षिसाची अपेक्षा वेगळी. दिवसभरासाठी आलेल्या माणसाच्या वेळेवर याच्याइतका मोठा दरोडा काप्रीत दुसरा नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी त्या छोट्या होडीत उतरणं तर नकोच.

त्याऐवजी मरीना ग्रांदेहून फ्युनिक्युलरनं, म्हणजे उतारावर दोरानं ओढल्या जाणाऱ्या छोट्या रेल्वेनं, वर जा. चार-पाच मिनिटांत पियात्सेत्ता, गावाचा मुख्य चौक. तिकीटखिडकी फ्युनिक्युलरच्या दारात नाही, धक्क्याच्या बाजूला वेगळी आहे. सगळी बोट एकदम उतरते तेव्हा एकानं खिडकीवर धावायचं, बाकीच्यांनी सावकाश यायचं. फलाट पायऱ्यापायऱ्यांचा आहे, सासूबाईंना कठडा धरायला लागेल. वर गावात वाहनं नाहीत. चौकातून ऑगस्टसच्या बागेपर्यंत दहा-पंधरा मिनिटांचा उतार, तिथून समुद्रात उभे असलेले फराल्योनी खडक समोर दिसतात. येताना तोच रस्ता चढाचा. बागेला छोटंसं प्रवेशशुल्क आहे.

दोघं तरणे असतील तर आनाकाप्री या बेटावरच्या दुसऱ्या गावाला बसनं जाऊन तिथल्या खुर्चीच्या रोपवेनं मोंते सोलारोवर, ५८९ मीटर, बेटाचा सर्वात उंच माथा. वर जायला १३ मिनिटं. खुर्ची एकेकट्याची असते आणि बसताना थांबत नाही, मागून आली की पटकन टेकायचं. सासूबाईंसाठी हे नाही. बसही लहानशा असतात, दुपारी परतीच्या रांगेत दोन बस सोडाव्या लागल्या की अर्धा तास गेला. चौघांनी ठरवा: दोघं सोलारोला, दोघं चौकाजवळ सावलीत, आणि भेटण्याची वेळ बोटीच्या दीड तास आधी, खाली मरीना ग्रांदेला, वर चौकात नाही. दुपारी खाली येणाऱ्या फ्युनिक्युलरलाही रांग लागते.

जुलै-ऑगस्ट असेल, किंवा जहाज जेमतेम आठ-नऊ तास थांबणार असेल, तर माझं मत सरळ प्रोचिदा. बेट छोटं, वेगवान बोटीनं ४० मिनिटांच्या आसपास, तिकीट काप्रीपेक्षा कमी, दुकानदारीही कमी. २०२२ मध्ये हे इटलीची सांस्कृतिक राजधानी होतं, तरी काप्रीची गर्दी अजून तिथे नाही. बंदरावरून तेर्रा मुराता या टेकडीवरच्या जुन्या वस्तीच्या वाटेला लागलात की पंधरा-वीस मिनिटांच्या चढावर एक जागा येते, जिथून खाली कोरिचेल्ला या कोळीवाड्याची रंगीत घरं दिसतात, एकावर एक रचलेली, पिवळी, गुलाबी, फिकट निळी, आणि पुढे कोळ्यांच्या होड्या. चढ नको असेल तर बंदरावर मिनीबस आणि छोट्या टॅक्सी असतात. खाली कोरिचेल्लात जायला मात्र पायऱ्याच आहेत.

प्रोचिदाची अडचण बोटींची आहे. तिथे जाणाऱ्या बऱ्याच बोटी पुढे इस्किया या शेजारच्या बेटाला जातात, म्हणून बेवेरेल्लोच्या फलकावर प्रोचिदाऐवजी ‘काझामिच्चोला’ असं इस्कियाच्या बंदराचं नाव दिसू शकतं. घाबरू नका, तिकिटावरची वेळ आणि कंपनी जुळवा, चढताना विचारा. प्रोचिदाला बोट काही मिनिटंच थांबते, आधीच उठून दाराशी या. परतीची बोट इस्कियाहून भरून येते, त्यामुळे उशीरही तिकडूनच येतो आणि ऐन वेळी जागाही नसते. इथे परतीचं तिकीट बेटावर उतरल्या उतरल्याच घेऊन टाका, आणि राखीव बोटीचा नियम काप्रीपेक्षा कडक पाळा.

खाण्याचं थोडक्यात, शाकाहारी असाल म्हणून. पिझ्झा मारिनारा नावावरून मासळीचा वाटतो, पण त्यात टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो आणि तेल, एवढंच. उलट भाज्यांच्या पदार्थांत अँकोवी ही छोटी खारवलेली मासळी लपलेली असू शकते, ‘सेंत्सा अच्चूगे’ म्हणजे अँकोवीशिवाय, हे दोन शब्द पाठ करा. प्रोचिदात जाड पांढऱ्या सालीच्या लिंबांची कोशिंबीर मिळते, पुदिना, लसूण, मिरची घातलेली, ती जरूर घ्या.

हायड्रोफॉइलला उघडा डेक नसतो, काचा मिठानं धुरकटलेल्या, आणि हेलकावे त्रास देतात. एरवी प्रवासात अॅव्होमिन घेत असाल तर चढण्याआधी तासभर घ्या, चढल्यावर घेऊन उपयोग नाही. व्हेसुव्हियस बघत जायचं असेल तर त्रागेत्तोचा डेक बरा.

जहाज सुटलंच तर. जहाजाच्या स्वतःच्या सहलीसाठी कप्तान थांबतो, तुमच्यासाठी थांबेलच असं नाही. कार्यक्रमपत्रिकेवर बंदरातल्या एजंटचा फोन असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. पासपोर्ट तुमच्याकडेच आहे की जहाजानं ठेवून घेतलाय, हे पहिल्याच दिवशी विचारा. ठेवून घेतला असेल तर शेंगेन व्हिसाच्या पानासकट प्रत खिशात हवी. पुढचं बंदर चिवितावेक्किया असेल तर रेल्वेनं गाठता येतं, पालेर्मो असेल तर नेपल्सहून रात्रीची बोट आहे, बार्सिलोना असेल तर विमान. खर्च सगळा तुमचा. म्हणून चौघांपैकी एकाकडे तरी चालू कार्ड, औषधं आणि चार्जर असू द्या.

आदल्या संध्याकाळी दोन गोष्टी बघा: वाऱ्याचा अंदाज आणि संप. संपाला इटालियनमध्ये ‘शोपेरो’ म्हणतात, आणि इटलीच्या वाहतूक मंत्रालयाच्या साइटवर जाहीर झालेल्या संपांची तारीखवार यादी असते. सकाळी बेवेरेल्लोच्या फलकावर बोटी रद्द दिसल्या तर ‘अकराला सुरू होतील’ या आशेवर धक्क्यावर बसू नका. सकाळी गेल्या तरी दुपारी परत येतील याचा भरवसा नसतो. म्युनिचिपिओहून मेट्रो लाइन १, तिसरं स्टेशन म्युझिओ: पॉम्पेईत सापडलेली भित्तिचित्रं आणि मोझेक तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. फक्त मंगळवारी ते बंद असतं. मंगळवार असेल तर गारिबाल्दीहून चिर्कुमवेसुवियाना धरून थेट पॉम्पेई, पाऊण तासाच्या आत. पण तिथे दिवसभर दगडी रस्त्यांवरून चालावं लागतं, त्यामुळे सासूबाईंना आधी विचारा.