आजोबांच्या दोन शाळा

तुझा मेल दोनदा वाचला. आजोबा गोव्यात पोर्तुगीज शाळेत शिकले, अजून हिशेब करताना पोर्तुगीजमध्ये आकडे पुटपुटतात, त्याची तुला लाज वाटते आणि लाज वाटते म्हणून परत स्वतःचाच राग येतो, असं लिहिलंयस. प्रोजेक्टचं नाव पण ठरवून टाकलंयस, 'गुलामीची शाळा'. माझं ऐकशील तर ते नाव आत्ता बाजूला ठेव. आपण निकाल आधीच लावून बसलो की समोरचा माणूस आपल्याला हवं तेवढंच बोलतो, बाकीचं गिळून टाकतो.

थोडं मागचं बघ. 1684 ला गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला होता की तीन वर्षांत कोंकणी सोडा, पोर्तुगीज बोला, आणि तरी लोकांनी घरात कोंकणी सोडली नाही ती नाहीच. 1910 ला पोर्तुगालात राजेशाही जाऊन रिपब्लिक आलं तेव्हा कुठे गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले, सरकारी नोकरीची वाट मोकळी झाली, आणि नोकरी म्हटलं की पोर्तुगीज आलीच. त्यामुळे फोंड्या-डिचोलीकडच्या बापाने पोराला 'सेगुंद ग्राव', म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शाळेची वरची पायरी, करायला धाडलं ते पोटापाण्यासाठी. पण त्याच लोकांनी वर्गणी काढून मराठी शाळापण चालवल्या, पणजीची मुष्टिफंडची शाळा 1908 ची, घराघरातून मूठमूठ तांदूळ गोळा करून उभी राहिलेली. हे दोन्ही एकाच पिढीने केलंय हे लक्षात ठेव.

माझे मोठे मामा सकाळी सरकारी शाळेत जायचे आणि दुपारी देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे यात्रेकरूंच्या उतरायच्या जागेत, मराठीला. आता नव्वदीला टेकलेत, तरी लिस्बनहून पोर्तुला जाणाऱ्या रेल्वेची स्टेशनं घडाघडा म्हणतात, सांतारें, एंत्रोंकामेंतु, कोइंब्रा, आवैरु, आणि म्हणताना उजव्या हाताचं बोट हवेत वर वर सरकत जातं, जणू भिंतीवर नकाशा आहे. कुळ्याहून कॅसलरॉकला चढणारी गाडी त्यांना घरात ऐकू यायची, ती मात्र पुस्तकात कधीच नव्हती. मग त्याच दमात मोरोपंतांची आर्या, ती दुपारच्या शाळेतली. मला यात कुठे ढोंग दिसत नाही, सात वर्षांचं पोर, घरी कोंकणी, सकाळी पोर्तुगीज, दुपारी मराठी, पुढे मॅट्रिकसाठी बेळगावला गेलं तर इंग्रजी, त्याने जे समोर आलं ते पाठ केलं. गोव्याची भाषा मराठी की कोंकणी हे भांडण पुढे मोठं झालं, ते आजोबांच्या पाटीवर आत्ता लिहायला जाऊ नकोस.

म्हणजे राज्य भलं होतं असं मी म्हणत नाहीये. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात लग्नाची पत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवावी लागायची. गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांनी 1944 ला गोंयकाराचं राष्ट्रीयत्व कसं पुसलं जातंय यावर पुस्तिका लिहिली, दोन वर्षांनी त्यांना पकडून लष्करी कोर्टात उभं केलं आणि पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात टाकलं. तुझा राग खरा आहे. फक्त तो आजोबांवर काढू नकोस.

विचारताना बारीक विचार. मास्तरांचा पगार कोण द्यायचं, मार कशासाठी बसायचा, अग्रशाळेत सगळ्या जातींची पोरं एका सतरंजीवर बसायची का, की काही जण बाहेर उभं राहून ऐकायचे. हा प्रश्न त्यांना आवडणार नाही, तरी विचार. साष्टी-बार्देशातल्या कुणा ख्रिस्ती आजोबांशीही बोल, चर्चच्या शाळेत सोल्फेज (स्वरलिपी वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकलेली पोरं पुढे मुंबईच्या सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायला गेली, तीही शाळाच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, 1961 च्या जनगणनेत गोव्यात साक्षरता 30 टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे बहुतेक पोरं दोन्हीपैकी कुठल्याच शाळेत गेली नव्हती, गावोगाव सरकारी मराठी शाळा निघाल्या त्या मुक्तीनंतर, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात. तुझ्या लिखाणात ही पोरं कुठेच नाहीयेत.

गणेश चवथीला घरी जाशील तेव्हा आजोबांचं सर्टिफिकेट, जुन्या वह्या यांचे फोटो काढ, फोन रेकॉर्डिंगला लावून शांत बस, मध्ये बोलू नकोस. आणि त्यांच्या धाकट्या बहिणीकडे पण एक दुपार जा, तिला शाळेत का घातलं नाही ते तिच्याच तोंडून घे.