समुद्रकिनारी राहायला आले, तरी मन का लागत नाही?

"मॅडम, हे मी सांगू तरी कुणाला? ऐकणारा म्हणेल, हिला समुद्रकिनारी राहायला मिळालं आणि ही रडत बसलीय."

समुपदेशनासाठी व्हिडिओ कॉलवर पलीकडे बसलेल्या बाईंचं हे पहिलंच वाक्य. इथे मी त्यांना ताई म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि ही हकीकत लिहायला त्यांची परवानगी आहे. वय अडतीस. थंड, डोंगराळ गाव सोडून नवऱ्यासोबत उष्ण कटिबंधातल्या एका किनाऱ्यावरच्या शहरात येऊन त्यांना पाच महिने झाले होते. नोकरी घरूनच, लॅपटॉपवर. ही बदली कुणी लादलेली नव्हती. कित्येक सुट्ट्या दोघांनी अशाच किनाऱ्यांवर काढल्या होत्या आणि परतताना दर वेळी 'एक दिवस इथेच राहायचं' असं म्हटलं होतं.

मी विचारलं, "समुद्रावर शेवटचं कधी गेला होतात?"

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सात आठवडे झाले." समुद्र घरापासून दहा मिनिटांवर होता.

त्या दर रविवारी धाकट्या बहिणीला सूर्यास्ताचा फोटो पाठवत होत्या. "ते सगळे पहिल्या महिन्यातले आहेत. तेव्हा शे-दीडशे काढून ठेवले होते. त्यातलाच एकेक पाठवते. ती म्हणते, मजा आहे बाई तुझी."

मनाविरुद्ध बदली झालेल्या माणसाला कुरकुर करायची मुभा असते. घर सुटलं म्हणून तो रडला तर लोक पाठीवर हात ठेवतात. स्वतःहून, हौसेने, सगळ्यांना हेवा वाटावा अशा जागी गेलेल्याला मात्र ही सोय नसते. ताईंचीही पुरी झालेली इच्छाच त्यांच्या तोंडावर हात ठेवून बसली होती. त्यात त्यांनी स्वतःवरच आरोप ठेवला होता: इथेही मी खूश नसेन तर माझ्यातच काहीतरी बिघडलंय. असं बोलणारी माणसं माझ्याकडे वरचेवर येतात, आणि जागा जितकी देखणी तितका हा आरोप कडक असतो.

मी त्यांना १९५४ सालच्या एका भाषणाबद्दल सांगितलं. कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने परक्या जागी गेलेल्या माणसाच्या मनाचे टप्पे त्यात मांडले होते. आधी नवलाईचे दिवस, जे काही दिवसांपासून सहा महिन्यांपर्यंत टिकतात. मग चिडचिड, घरची अनावर ओढ, पाण्यापासून अंथरुणापर्यंत सगळ्याचा संशय, आणि त्यानंतर हळूहळू रुळणं. 'कल्चर शॉक' हा शब्द रूढ होण्यात या भाषणाचा मोठा वाटा आहे. ते झालं होतं ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोत, तिथल्या महिला मंडळापुढे, आणि ऐकायला बसलेल्या स्त्रियांच्या खिडकीतूनही समुद्रच दिसत असणार. हे ऐकून ताई पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसल्या.

माझा पहिला अंदाज मात्र चुकला. मला वाटलं, नवरा-बायकोत काही असेल. एक अख्खी भेट मी त्यावर घालवली. तसं काही नव्हतं. नवरा रोज कचेरीत जात होता, चार माणसांत आठ-नऊ तास बसत होता, म्हणून तो लवकर रुळला. ताईंच्या दिवसात भिंती होत्या आणि एसी होता.

मग आम्ही शरीराकडे वळलो. तिथे लक्ष द्यायला मलाच उशीर झाला, असं मला आजही वाटतं. ताई रात्री तीन-चारदा जाग्या होत होत्या. झोप लागायच्या आधी शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि न वाळणारा घाम शरीर थंड करत नाही. त्यामुळे गाढ झोप तुटते, आणि अशी महिनाभर तुटलेली झोप कुणालाही रडवेलं करते. झोपायच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने अंघोळ, बिछान्यावर हवा येईल असा पंखा, सुती चादर, इतकंच सुरुवातीला केलं.

शरीर उकाड्याला सरावतं, साधारण ७ ते १४ दिवसांत. घाम लवकर येऊ लागतो, त्यातून मीठ कमी जातं, नाडीची धावपळ कमी होते. पण त्यासाठी रोज थोडा वेळ त्या हवेत असावं लागतं. ताई पाच महिने त्या शहरात होत्या, पण त्यांचं शरीर अजून तिथे पोचलंच नव्हतं. सकाळी ऊन चढायच्या आत पंधरा मिनिटं, मग वीस, मग अर्धा तास असं चालायचं ठरलं. (मनाच्या आजाराची औषधं चालू असतील, विशेषतः लिथियम, तर उष्ण हवेच्या गावी जाण्याआधी डॉक्टरांशी नक्की बोला. घामावाटे पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. ताईंना कोणतंही औषध चालू नव्हतं.)

तिसऱ्या की चौथ्या भेटीत त्यांनी लॅपटॉप उचलला आणि मला कपाटाशी नेलं. "हे बघा." गावाकडून आणलेले चामड्याचे बूट होते. वडिलांनी घेऊन दिलेले. बुटांवर पांढुरकी-हिरवट बुरशी चढली होती, शिवणीच्या कडेने दाट, टाचेवर ठिपक्याठिपक्यांची. बिजागरीला तांबूस गंज. त्यांनी बोटाने थोडी बुरशी पुसली, खालचं चामडं काळं पडलेलं दिसलं, आणि त्यांना हुंदका आला. "हे बूट इथे कधी घालणारही नव्हते मी," त्या म्हणाल्या.

त्या बुटांपाशी आम्ही अख्खा तास थांबलो. गावाकडच्या थंडीबद्दल त्या बोलल्या, दिवस लहान होत जाण्याबद्दल, पहिल्या गारठ्याबरोबर येणाऱ्या उत्साहाबद्दल. विषुववृत्तापासून १० अंशांवर वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात जेमतेम सव्वा तासाचा फरक असतो. ज्याचं आयुष्य ऋतूंच्या खुणांवर मोजलेलं आहे त्याला तिथे महिने एकमेकांत मिसळल्यासारखे वाटतात. "कोणता महिना चाललाय तेच कळत नाही," असं त्या आधीही म्हणाल्या होत्या. मी ते विसरभोळेपणाचं लक्षण म्हणून लिहून ठेवलं होतं. खरं तर ते दुःख होतं.

बुरशीचं उत्तर सोपं होतं. खोलीतला दमटपणा ६० टक्क्यांच्या खाली ठेवायचा, कपाट भिंतीपासून थोडं पुढे ओढायचं आणि दार अधूनमधून उघडं ठेवायचं. बूट पुसून वाळवले तेव्हा बरेच सुधारले, पण डाग राहिले.

"पण मग आम्ही चूक केली का?" हा प्रश्न त्यांनी अनेकदा विचारला. त्यावर माझं मत त्यांना स्पष्ट सांगितलं: चूक जागेची नाही, अपेक्षेची आहे. शकाडे आणि कानेमन या अभ्यासकांनी १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अमेरिकेतल्या जवळपास दोन हजार विद्यार्थ्यांना विचारलं होतं. काही कडक थंडीच्या मध्य-पश्चिम भागातले, काही उबदार कॅलिफोर्नियातले. दोन्हीकडच्यांना वाटत होतं की कॅलिफोर्नियातली माणसं जास्त समाधानी असणार. प्रत्यक्षात समाधान जवळपास सारखंच निघालं. हवा छान असते हे खरं, पण रोजचा दिवस काम, झोप आणि माणसं यांनीच भरलेला असतो.

माणसांचंच खरं अडलं होतं. जेफ्री हॉल यांच्या २०१८ सालच्या अभ्यासात नव्या गावी राहायला गेलेली माणसंही होती. जुजबी ओळखीची मैत्री व्हायला सुमारे ५० तास, मित्र म्हणावं इतकं होईपर्यंत ९० आणि जिवलग व्हायला २०० तासांहून जास्त सोबत लागते, असा त्यांचा अंदाज. पाच महिन्यांत त्या शहरात असे किती तास झाले, हे ताईंनी बोटांवर मोजलं. दोन्ही हात लागले नाहीत. मी त्यांना कार्यक्रम शोधायला सांगितलं नाही. रोज त्याच वेळी, त्याच वाटेने चाला, म्हटलं. तास साठायचे तर तेच चेहरे पुन्हा पुन्हा दिसावे लागतात.

दर भेटीत मी एक गोष्ट तपासत होते. सलग दोन आठवडे दिवसभर उदास, कशातच रस नाही, भूक मेलेली, जगणंच नको असे विचार, यांपैकी काही दिसलं असतं तर मी त्यांना लगेच मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. तुमच्या बाबतीत असेल तर रुळण्याची वाट पाहत बसू नका.

सहाव्या भेटीआधीच्या रविवारी ताईंनी बहिणीला सूर्यास्त पाठवला नाही. बुटांचा फोटो पाठवला, डागांसकट. खाली लिहिलं, "बाबांचे बूट. इथे सगळं असं होतं. मला तिकडची फार आठवण येते गं." दोन मिनिटांत फोन आला. बहीण रागावली होती, इतके महिने लपवलं म्हणून. मग दोघी खूप वेळ बोलल्या.

शेवटच्या भेटीत मी समुद्राचं विचारलं. "जाते की, रोज. पण बघायला म्हणून नाही. ओहोटी असेल तर ओल्या वाळूवरून चालता येतं, तिथे पाय रुतत नाहीत." बरोबर एक बाई असते. तिचा गुडघा दुखतो, म्हणून ताई हळू चालतात. अजून एकमेकींच्या घरी गेलेल्या नाहीत. रात्री मात्र एखादी जाग येते, आणि गावाकडचा तो पहिला गारठा ताईंना आजही आठवतो.