डोस कमी झाला, म्हणजे आजार बरा होत आहे का?

“मुलीला टाइप १ मधुमेह आहे. सुरुवातीला दिवसाला २४ युनिट इन्सुलिन लागत होते, आता ९ पुरतात. म्हणजे हळूहळू सुटेल ना? की द्यायचे थांबवले नाही तर शरीराला त्याची सवय लागेल?” मधुमेहाची समुपदेशक म्हणून जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील कुटुंबांशी बोलताना हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर एका कुटुंबाच्या अनुभवातून द्यावेसे वाटते. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगी ११ वर्षांची, पारोळा तालुक्यातील एका खेड्यातली. घरची थोडी कोरडवाहू आणि थोडी विहिरीवर भिजणारी कपाशी. उन्हाळ्यात तिचे वजन उतरू लागले, रात्रीतून चार-पाच वेळा लघवीला उठावे लागे आणि उशाशी ठेवलेला तांब्या पहाटेपर्यंत रिकामा होई. ऊन बाधले असेल असे समजून घरच्यांनी दोन आठवडे जाऊ दिले. जूनमध्ये तिला उलट्या सुरू झाल्या आणि श्वास लागला, तेव्हा रुग्णालयात साखर ४८० भरली. इन्सुलिन सुरू झाले आणि मूल आठवड्याभरात खेळू लागले. त्यानंतर जे घडले ते घरच्यांना चमत्कारासारखे वाटले, कारण दर भेटीत डॉक्टर डोस कमी करत गेले आणि सप्टेंबरअखेर दिवसभराचे इन्सुलिन ९ युनिटवर आले.

याच सुमारास शेजारच्या गावातील औषध देणाऱ्या एका गृहस्थांनी पावडर दिली आणि सुई बंद करण्यास सांगितले. पहिल्या दिवशी काहीच बिघडले नाही, त्यामुळे विश्वास बळावला. चौथ्या दिवशी पोटदुखी आणि उलट्या सुरू झाल्या. घरात त्याला पित्त समजले गेले. सहाव्या दिवशी मुलगी खोल, भराभर श्वास घेऊ लागली, तिच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येऊ लागला आणि तिला पुन्हा अतिदक्षता विभागात न्यावे लागले. इन्सुलिन नसले की पेशींना रक्तातील साखर वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळू लागते, त्यातून कीटोन तयार होतात आणि रक्त आम्लधर्मी होत जाते. हे वेळेवर थांबवले नाही तर जीव जातो.

ती घरी परतल्यानंतर हे कुटुंब माझ्याकडे आले. वडील मान खाली घालून बसले होते. आईने एकच प्रश्न विचारला, “ताई, हाई सुई कव्हय सुटी?” अशा वेळी “तुम्ही असे केलेच कसे?” हा प्रश्न मी कधीही विचारत नाही. तो त्यांनी स्वतःला आधीच शंभरदा विचारलेला असतो. मी त्याऐवजी विचारले, सुई सुटते असे तुम्ही कुठे पाहिले आहे का? त्यावर वडिलांनी आपल्या चुलत्यांचे उदाहरण दिले. चुलत्यांना पायाच्या जखमेमुळे दोन महिने इन्सुलिन घ्यावे लागले होते, जखम भरली आणि ते पुन्हा गोळ्यांवर आले. हे उदाहरण खरेच होते. टाइप २ मधुमेहात स्वादुपिंड इन्सुलिन बनवत असते, पण ते पुरत नाही किंवा शरीर त्याला नीट दाद देत नाही. त्यामुळे काही जणांचे इन्सुलिन पुढे थांबवता येते. गरोदरपणात उद्भवलेल्या मधुमेहातही बाळंतपणानंतर ते बहुधा थांबते. वडिलांचा तर्क सरळ होता, मात्र त्यासाठी घेतलेले उदाहरण दुसऱ्या आजाराचे होते.

टाइप १ मध्ये शरीराची संरक्षणव्यवस्था स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवरच हल्ला करते. आजार उघड होतो तेव्हा यातील बऱ्याचशा पेशी गेलेल्या असतात आणि उरलेल्या अतिश्रमाने थकलेल्या असतात. बाहेरून इन्सुलिन मिळाले की या थकलेल्या पेशींना विसावा मिळतो, त्या पुन्हा थोडे काम करू लागतात आणि डोस उतरतो. डॉक्टर याला हनिमूनचा काळ म्हणतात. तो काही आठवडे ते काही महिने टिकतो, काहींमध्ये वर्षभर किंवा त्याहूनही अधिक. सी-पेप्टाइडच्या चाचणीने तो मोजता येतो, कारण शरीर स्वतः इन्सुलिन बनवते तेव्हा हा घटकही तेवढ्याच प्रमाणात बनतो, आणि टोचलेल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. या मुलीचे सी-पेप्टाइड कमी होते, पण शून्य नव्हते.

हे सगळे मी सांगितले, तरी आईच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही. तेव्हा मी वडिलांना त्यांच्या विहिरीबद्दल विचारले. एप्रिलमध्ये पाणी तळाला गेले की काय करता? ते म्हणाले, मोटार बंद ठेवतो, घरापुरता टँकर मागवतो. मग विहिरीत काय होते? “दोन-चार दिवसांत पाझराचं हातभर पाणी चढतं.” म्हणून टँकर बंद करता का? ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग पत्नीकडे वळून त्यांनीच तिला अहिराणीत सगळे समजावले, माझ्यापेक्षा कितीतरी चांगले. या पाझराचा फायदा जरूर घ्यावा. त्या काळात साखर आटोक्यात ठेवणे सोपे असते आणि ती आटोक्यात राहिली तर उरलेल्या पेशींनाही आधार मिळतो. डोस कितीही लहान झाला तरी तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय शून्यावर आणायचा नाही, एवढीच माझी विनंती असते.

सवयीविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. इन्सुलिन हे निरोगी माणसाच्या शरीरात रात्रंदिवस तयार होणारे संप्रेरक आहे. त्याची चटक लागत नाही. पुढे डोस वाढतो तो मूल वाढते म्हणून, वयात येताना शरीराची गरज वाढते म्हणून आणि पाझर आटतो म्हणून. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरंटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. तो अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. २३ जानेवारीला शुद्ध केलेला अर्क दिल्यावर त्याची साखर उतरली. त्यापूर्वी अशा मुलांना अर्धपोटी ठेवून थोडे दिवस जगवणे एवढाच उपाय डॉक्टरांच्या हाती होता. हे ऐकून आईने पहिल्यांदा मुलीच्या पिशवीतील बाटली हातात घेऊन नीट पाहिली.

वडिलांच्या फोनवर “कायमचा इलाज सापडला” असा एक संदेशही आला होता. त्यात थोडे तथ्य होते, म्हणून तो झटकून टाकणे मला योग्य वाटले नाही. अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये टेप्लिझुमॅब या औषधाला परवानगी मिळाली. ८ वर्षांवरील ज्यांच्या रक्तात आजाराच्या खुणा दिसतात पण लक्षणे अजून नाहीत, त्यांच्यात ते आजाराची सुरुवात लांबवते. चाचण्यांत ही मुदत सरासरी दोन वर्षांच्या आसपास होती. २०२५ मध्ये मूलपेशींपासून (ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी घडवता येतात अशा पेशींपासून) बनवलेल्या इन्सुलिन पेशींच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांना वर्षभरानंतर इन्सुलिन घ्यावे लागत नव्हते. मात्र त्यांना संरक्षणव्यवस्था दाबणारी औषधे सतत घ्यावी लागतात, आणि ते सगळे साखर धोकादायकरीत्या खाली जाणारे प्रौढ होते. ही आशा खरी आहे. ती आपल्या मुलीपर्यंत पोहोचेल तेव्हा मुलगी सुदृढ असायला हवी, असे मी त्यांना सांगितले.

मुलीशी मी एकटीशी बोलले. आपण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस आणि मांडे फार खाल्ले म्हणून हा आजार झाला, असे ती पाच महिने मनात धरून बसली होती. गोड खाल्ल्याने टाइप १ होत नाही हे ऐकून ती रडली. घरात कोणाला हे माहीतच नव्हते.

उरला प्रश्न खानदेशच्या उन्हाचा. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. वीज वारंवार जाणाऱ्या आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर चढणाऱ्या गावात ते अवघड आहे. वापरातली बाटली मातीच्या दोन मडक्यांमध्ये ओली वाळू भरून आतल्या मडक्यात, कोरड्या डबीत ठेवावी असे मी सुचवते. केनियातील निर्वासित छावणीतील तापमानाचा आधार घेऊन झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, २५ ते ३७ अंशांच्या दरम्यान चार आठवडे ठेवलेल्या इन्सुलिनची ताकद शीतपेटीतल्या इतकीच राहिली होती. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात मडके चांगले गारवा धरते; पावसाळी दमट हवेत तेवढे नाही. बाटली बर्फाला टेकवून मात्र ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

मार्चमध्ये एके सकाळी वडिलांचा फोन आला. चार दिवस उपाशीपोटीची साखर २०० च्या वर होती, जेवणात बदल नव्हता, ताप नव्हता, बाटलीही नवी होती. “ताई, पाझर आटला वाटतं,” ते म्हणाले. त्यांनी डोस स्वतःहून वाढवला नव्हता आणि थांबवलाही नव्हता. डॉक्टरांनी त्याच दिवशी रात्रीचे इन्सुलिन २ युनिटने वाढवले, पुढच्या दोन महिन्यांत दिवसभराचा डोस २३ पर्यंत गेला. एप्रिलच्या भेटीत आईने सुई कधी सुटेल हे विचारले नाही. आखाजीला लेकीला घेऊन माहेरी जायचे होते, आणि दुपारच्या एसटीत बाटली ओल्या फडक्यात गुंडाळली तर चालेल का, हे तिला माझ्याकडून जाणून घ्यायचे होते.