हजर पोरांना गैरहजेरी विचारली तर

शिक्षक-पालकांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या या सदराकडं या खेपेला आलेल्या प्रश्नांत निम्मे तरी सर्व्हेचेच आहेत, म्हणजे डिझर्टेशन (पदवीचा प्रबंध) जमा करायची तारीख जवळ आली हे कॅलेंडर न बघता कळतं. चार प्रश्न घेतलेत. नावं काढलीत, गावाचा अंदाज येण्यापुरता पत्ता ठेवलाय.

प्रश्न : सर, मी खानापूर तालुक्यात (जि. बेळगाव) मराठी शाळेत शिकवायले आणि एम.एड. पण करायले. विषय आहे 'मराठी माध्यमाच्या मुलांना सेकंड लँग्वेज कन्नड शिकताना येणाऱ्या अडचणी'. चाळीस प्रश्नांचा गुगल फॉर्म करून टीचर आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, दहा दिवसांत 312 रिस्पॉन्स आले. आता गाईड म्हणतात टूलच (म्हणजे फॉर्मच) बरोबर नाही, परत करा. एवढे रिस्पॉन्स वाया घालवू काय?

उत्तर : वाया नको ताई, त्याला पायलट, म्हणजे आधीची चाचणी, म्हणा आणि पुढं चला. पण गाईडचं बरोबर आहे. 312 आकडा बघून तुम्हाला धीर आलाय, पण ते 312 जण कोण ते सांगा की. ज्यांच्याकडं फोन, फोनमध्ये डेटा, वर मराठी टाइप करायची सवय आणि शाळेच्या ग्रुपवर आलेलं उघडून बघायची हौस, तेच ना. जांबोटी-कणकुंबीकडच्या वाड्यांवरनं किती आले? ज्या आईला कन्नडची वही बघून काहीच कळत नाही ती या फॉर्मात आहे काय?

अमेरिकेत 1936 च्या अध्यक्षीय निवडणुकीत 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकानं जवळपास एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांवर परत आल्या, आणि त्यांनी ठोकून सांगितलं की रिपब्लिकन उमेदवार लँडन येणार. आले रूझवेल्ट, लँडनना 48 पैकी दोनच राज्यं मिळाली. पत्ते काढले होते टेलिफोनच्या याद्या, मोटारमालकांच्या नोंदी असल्या ठिकाणाहून, म्हणजे मंदीच्या काळात जरा बरं चाललेल्या घरांचे, शिवाय ज्यांनी मतपत्रिका परत धाडायचे कष्ट घेतले तेही बाकीच्यांपेक्षा वेगळेच. त्यांचं वीस लाखांनी भागलं नाही तिथं आपलं 312 नं काय भागणार.

माझीच एक फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी चिकोडी भागात 'ऊसतोडीच्या दिवसांत मुलं शाळेला का येत नाहीत' यावर मी फॉर्म छापले, डिसेंबरात शाळाशाळांतून फिरलो, वर्गात बसून भरून घेतले. सहा आठवडे मोटरसायकलवर. कारणं काय आली तर ताप, पोटदुखी, मामाचं लग्न. मी खूश, की बघा ऊसतोडीचा काही संबंधच नाही, नवीन फाइंडिंग! एका हेडमास्तरांनी चहा देता देता मस्टर माझ्यापुढं सरकवलं आणि लाल 'गै' लागलेल्या नावांवरनं बोट फिरवत म्हणाले, "सर, तुमचा सर्व्हे ज्या पोरांवर हाय ती पोरं फडात हायत." हजर पोरांना गैरहजेरीची कारणं विचारत फिरत होतो मी. तो गठ्ठा अजून माळ्यावर आहे, बायको रद्दीत घाला म्हणते, मी घालत नाही.

'प्रथम' संस्थेचा 'असर' सर्व्हे 2005 पासून मुलांना शाळेत न गाठता घरोघरी का होतो याचं उत्तर यातच आहे. दर ग्रामीण जिल्ह्यातली 30 गावं, दर गावात 20 घरं, आणि घरातलं पोर शाळेत जात असो नसो, त्याला समोर बसवून वाचायला देतात. शाळेत गेलं की शाळेतलंच पोर भेटणार.

म्हणून तुम्ही आधी यादी धरा. तालुक्यातल्या मराठी शाळांची यादी, त्यातनं चिठ्ठ्या टाकून शाळा, मग त्या शाळांच्या मस्टरवरनं चिठ्ठ्या टाकून मुलं. जे आलं नाही त्याच्या घरी जायचं, दोनदा जायचं, तरी भेटलं नाही तर तसं लिहायचं. बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसची परवानगी आणि पालकांची संमती मात्र आधी.

आता प्रश्नांकडं बघू. तुमच्या फॉर्मातला सातवा : 'शाळेत कन्नड चांगलं शिकवतात आणि मुलाला ते आवडतं का?' हे दोन प्रश्न झाले. चांगलं शिकवतात पण आवडत नाही असं असेल तर त्या माणसानं टिक कुठं करायची? अकरावा, 'घरी कोणती भाषा बोलता?' आणि पर्याय मराठी, कन्नड, इतर, त्यातला एकच निवडायचा. ताई, आपल्या भागात राहून हा प्रश्न असा कसा लिहिला ओ तुम्ही? पोरगं आजीशी मराठी बोलतंय, कोकणीत शिव्या देतंय, दुकानात जाऊन कन्नडात 'एष्टु' (किती) विचारतंय, शेजारच्या दोस्ताशी हिंदी म्हणून जे काय बोलतात ते बोलतंय, आणि फॉर्मवर लिहितंय मराठी, कारण शाळा मराठी. म्हणजे तुमच्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा फरक, कन्नड कानावर पडतं की नाही हाच, तुमच्याच फॉर्मानं पुसून टाकला. त्याऐवजी कालचा दिवस विचारा. काल संध्याकाळी शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत कुणाकुणाशी बोललास, प्रत्येकाशी कुठल्या भाषेत? आडवी माणसं, उभ्या भाषा, खुणा करत जायचं. 'नेहमी', 'कधीकधी' यांचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असतो, कालचा दिवस सगळ्यांचा एकच. एवढी काळजी मात्र घ्या की सगळ्यांचा 'काल' रविवार किंवा बाजाराचा वार येणार नाही.

नवीन फॉर्म छापायच्या आधी पाच-सहा पालकांसमोर बसून एकेक प्रश्न वाचा आणि विचारा, तुम्हाला यातनं काय कळलं? उत्तर काय देतात ते सोडा, प्रश्न काय समजला ते ऐका. आमच्या एका फॉर्मात 'खाजगी शिकवणी' होतं, एक बाई ठामपणे नाही म्हणाल्या, आणि त्यांचं पोर तेवढ्यात दप्तर घेऊन निघालं, कुठं रे विचारलं तर म्हणतंय ट्यूशनला.

आणखी एक, हे गाईड बहुतेक सांगणार नाहीत. चाळीस प्रश्न लिहायच्या आधी निकालाचे तक्ते रिकामे काढा. आकडे नकोत, नुसत्या ओळी-रकाने, वर हेडिंग. कुठल्या तक्त्यात कुठला प्रश्न जाणार ते बघा, ज्याला तक्ताच नाही तो प्रश्न कापा. माझा अंदाज, चाळीसचे पंधरा उरतील.

सॅम्पल किती, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही पण व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) येणार. क्रेजसी आणि मॉर्गन यांचा 1970 चा तक्ता सगळे डोळे मिटून चिकटवतात, पॉप्युलेशन हजार तर 278, दहा हजार तर 370. तो तक्ता सरळ चिठ्ठ्या टाकून एकेक माणूस निवडलाय असं धरून आहे. आपण निवडतो शाळा, आणि एका शाळेतली पोरं एकमेकांसारखी असतात, तेच मास्तर, तेच गाव. शितावरनं भाताची परीक्षा म्हणतात ना, पण एकाच पातेल्यातली वीस शितं चेपली म्हणून वीस घरचा भात कळत नाही. हिशोब असा : दर शाळेत 20 मुलं आणि त्यांच्यातलं सारखेपण 0.2 धरलं (0 म्हणजे काहीच सारखं नाही, 1 म्हणजे अगदी एकसारखी), तर 1 अधिक 19 गुणिले 0.2, म्हणजे 4.8. आठ शाळांतली 160 मुलं भागिले 4.8, हातात उरतात 33 मुलांएवढी माहिती. तेव्हा दर शाळेत मुलं कमी घ्या आणि शाळा वाढवा. पेट्रोल जास्त जाईल, त्याला इलाज नाही.

प्रश्न : मी निपाणीजवळ सहावीला शिकवतो. वाचनाच्या टेस्टमध्ये 25 पैकी 10 च्या खाली असलेली 36 मुलं दोन तुकड्यांतून निवडली, दोन महिने गोष्टींची कार्डं देऊन गटात वाचन घेतलं. सरासरी 7 होती ती 11 झाली. पद्धत यशस्वी असं लिहू ना?

उत्तर : नका लिहू सर, अजून नको. सगळ्यात खाली पडलेली मुलं निवडली की त्यांतली काही त्या दिवशी नुसती दुर्दैवी असतात, कुणाला ताप, कुणी रात्री जागलेलं. परत टेस्ट घेतली की काही न करताही ती वर येतात. शिवाय दोन महिन्यांत वर्गात नेहमीचं शिकवणं चालूच होतं, आणि तीच टेस्ट परत दिली असेल तर ती ओळखीची झालेली. 4 मार्कांत कार्डांचा वाटा किती, तुम्हाला सांगता येत नाही आणि मलाही नाही.

पुढच्या टर्मला असंच करा, फक्त त्या यादीतल्या मुलांच्या चिठ्ठ्या टाका, निम्म्यांना कार्डं आत्ता, निम्म्यांना दोन महिन्यांनी. कुणाचं नुकसान नाही, पालकांनाही पटतं. दोन महिन्यांच्या शेवटी दोघांची टेस्ट, त्याच दर्जाची पण वेगळे उतारे, आणि तपासायला दुसरे कुणी मास्तर बसवा ज्यांना कुठलं पोर कुठल्या गटातलं ते ठाऊक नाही. आपण स्वतः तपासलं की हात सैल सुटतो, माझा सुटलाय. पहिला गट 11 वर आणि दुसरा कार्डांशिवाय 10 वर आला तर फरक 1 चा, 4 चा नव्हे. आणि मधल्या सुट्टीत कार्डं इकडची तिकडं जाणारच, एकाच शाळेत ते थांबवता येत नाही, वहीत टिपून ठेवा म्हणजे झालं.

प्रश्न : आमच्या शाळेच्या एसडीएमसीच्या (शाळेची देखरेख करणाऱ्या पालकांच्या कमिटीच्या) मीटिंगमध्ये अहवाल वाचला, '85 टक्के पालक समाधानी'. मी कमिटीवर आहे, शिक्षण दहावी. हे खरं का खोटं कसं ओळखायचं? फॉर्म 200 वाटले होते, 68 आले असं क्लार्क म्हणाले. — एक पालक, हुक्केरी तालुका

उत्तर : दहावी भरपूर झाली, क्लार्कला विचारायचं सुचलं तिथंच तुम्ही अर्धं काम केलंत. 68 पैकी 58 समाधानी, म्हणून 85 टक्के. न आलेले 132 सगळे नाराज धरले तर 200 पैकी 58, म्हणजे 29 टक्के. सगळे खूश धरले तर 190, म्हणजे 95 टक्के. खरं उत्तर 29 ते 95 च्या मधे कुठंतरी, आणि अहवालानं ते 85 वर खिळा मारून बसवलंय. खोटं म्हणू नका, भांडण होईल. 132 चं काय, एवढंच विचारा.

मग बाकीचं. फॉर्मवर नाव लिहायचं होतं काय, आणि तो वर्गशिक्षकांच्याच हातात द्यायचा होता काय? आपलं पोर ज्यांच्या हाताखाली, त्यांच्या हातात नाराजी कोण देणार. प्रश्नाचे नेमके शब्द मागून घ्या, 'शाळेच्या उत्तम सुविधांबद्दल आपण किती समाधानी आहात' असला प्रश्न असेल तर उत्तर प्रश्नातच घातलंय. आणि फॉर्म कुठल्या भाषेत होता? एका वर्गात मराठी वाचणारी आई आणि कन्नडच वाचणारे वडील आपल्याकडं नवल नाही, फॉर्म दोन्ही भाषांत पाहिजे. एकानं मराठीतनं कन्नडात करायचं, मूळ न बघितलेल्या दुसऱ्यानं परत मराठीत आणायचं, मग दोन्ही मराठी शेजारी ठेवायची. कुठं घसरलं ते लगेच दिसतं.

प्रश्न : सर, मुलांना गणित किती आवडतं ते मोजणाऱ्या माझ्या स्केलचा (वाक्यांच्या फॉर्मचा) क्रॉनबॅक अल्फा 0.93 आला. 0.70 च्या वर म्हणजे टूल उत्तम, बरोबर ना? — बी.एड. विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : अल्फा एवढंच सांगतो की तुमची वाक्यं एकमेकांशी जुळतात. ती तुम्हाला हवं तेच मोजतात की भलतंच, ते तो सांगत नाही. उसाचा काटा दर गाडीला सारखाच दोन क्विंटल कमी दाखवत असला तर त्याच्यात सातत्य आहेच की, पण शेतकऱ्याला विचारा बरोबर आहे काय. आणि वाक्यं वाढवली की अल्फा आपोआप चढतो. तुमची वीस वाक्यं वाचली मी. 'मला गणित आवडते', 'गणित माझा आवडता विषय आहे', 'गणिताचा तास मला आवडतो'. 0.93 येईल नाहीतर काय. आठ ठेवा, बाकी काढा, परत चालवून बघा आणि आकडा कळवा.